आयटीएस आर्किटेक्चर: एमपीओचं स्वतःचं की राज्याचं?

अमेरिकेत एमपीओ (महानगराचं वाहतूक नियोजन करणारी संस्था), काउंटी किंवा सल्लागार कंपनीत वाहतुकीचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. प्रादेशिक आयटीएस आर्किटेक्चर, म्हणजे सिग्नल, कॅमेरे अशा इंटेलिजंट वाहतूक यंत्रणांमध्ये कोणती संस्था काय करणार आणि कोणाला काय माहिती देणार याचा आराखडा, वेगळं ठेवावं, की राज्याच्या डीओटीच्या (वाहतूक विभागाच्या) राज्यव्यापी आर्किटेक्चरमध्ये सामील व्हावं? मी दोन्हींत काम केलं आहे.

फेडरल नियमाला दोन्ही चालतात. जानेवारी २००१ मध्ये आलेला २३ सीएफआर भाग ९४० (फेडरल नियमसंहितेतला आयटीएसचा भाग) प्रदेशाची हद्द बऱ्यापैकी तुमच्यावर सोडतो. महानगरात ती एमपीओच्या नियोजन क्षेत्राहून लहान नसावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. त्यामुळे ‘नियमात बसतं का?’ यावर फार डोकं शिणवू नका.

राज्यव्यापी पर्यायाची बाजू भक्कम आहे. भाग ९४० आर्किटेक्चर करून थांबू देत नाही, ते अद्ययावत कोण आणि कसं ठेवणार हेही लिहून मागतो. ही जबाबदारी डीओटीने उचलली की लहान एमपीओचा जीव भांड्यात पडतो. जिथे एकच प्लॅनर फ्रेट, सायकल आणि आयटीएस असं सगळं बघतो, तिथे मी तरी दुसरं काही सुचवणार नाही.

मला खटकलं ते एलिमेंटच्या, म्हणजे आराखड्यात दाखवलेल्या केंद्रांच्या आणि यंत्रणांच्या, नावांपाशी. राज्यव्यापी आर्किटेक्चरमध्ये दीडशे गावांची दीडशे केंद्रं लिहीत बसणं शक्य नसतं, म्हणून ‘स्थानिक संस्थेचं वाहतूक केंद्र’ असा एकच सर्वसाधारण एलिमेंट टाकतात. आमचा एक कॉरिडॉर प्रकल्प होता. फ्रीवेवर अपघात झाला की वाहतूक शेजारच्या रस्त्यावर वळणार आणि तिथले सिग्नल नव्या टायमिंगवर जाणार. तो रस्ता दोन शहरांतून जातो. त्यातल्या एकाचे सिग्नल काउंटी चालवते, आणि तिथे संध्याकाळनंतर कुणी बसत नाही. फेडरल निधीला मंजुरी मिळण्याआधी सिस्टीम्स इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस दाखवावं लागतं. त्यात आर्किटेक्चरचा कोणता भाग बांधताय आणि कोणाची भूमिका काय, हे सांगायचं असतं. आम्ही राज्याचा दस्तऐवज उघडला, तर राज्याच्या टीएमसीकडून (वाहतूक व्यवस्थापन केंद्राकडून) ‘स्थानिक केंद्रा’कडे माहितीचा प्रवाह दाखवणारा एक बाण. कोणतं केंद्र? रात्री टायमिंग बदलायचा अधिकार कोणाला? करार कोणात व्हायचा? बाण बरोबर होता, पण आमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. शेवटी ते सगळं प्रकल्पाच्या पातळीवर, मुदत डोक्यावर असताना ठरवावं लागलं. आर्किटेक्चरने जे आधीच ठरवून ठेवायला हवं, तेच नेमकं.

स्वतःच्या आर्किटेक्चरमध्ये शहर, काउंटी आणि ट्रान्झिट संस्था नावानिशी येतात. नाव आलं की ती माणसं बैठकीला येतात, आणि ‘हे आमचं काम नाही’ हे वेळेवर ऐकायला मिळतं. भाग ९४० मधली करारांची यादीही मग खरी होते.

अर्थात त्याची किंमत आहे. आर्किटेक्चर बनवायचं रॅड-आयटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते चालवणारा माणूस फुकट नसतो. तो नोकरी सोडून गेला की फाइल कुठे आहे, इथपासून सुरुवात होते. टर्बोच्या (रॅड-आयटीच्या आधीच्या सॉफ्टवेअरच्या) काळातली जुनी फाइल असेल तर आर्क-आयटीच्या (राष्ट्रीय संदर्भ आर्किटेक्चरच्या) सर्व्हिस पॅकेजेसवर, म्हणजे सेवांच्या ठरावीक नमुन्यांवर, आणून माहितीचा प्रत्येक प्रवाह हाताने तपासावाच लागतो. सल्लागाराच्या भरवशावर राहिलात तर पुढच्या अपडेटपर्यंत दस्तऐवज शिळा झालेला असतो.

तुमच्या भागात एकाच संस्थेचे सिग्नल असतील तर राज्याचं आर्किटेक्चर बहुधा पुरेल. पण एका कॉरिडॉरवर तीन संस्था असतील तर माझा कल स्वतःच्या आर्किटेक्चरकडे आहे, निदान तुमच्याकडे अर्धवेळ तरी माणूस असेल तर. निर्णयाआधी डीओटीला एक विचारून बघा: राज्यव्यापी आर्किटेक्चरमध्ये तुमच्या भागाचे एलिमेंट संस्थांच्या नावांनी घालून देतील का, आणि ते बदलायची मुभा एमपीओला राहील का? दोन्हींना लेखी होकार मिळाला, तर मीही वेगळ्या फाइलचा आग्रह धरणार नाही.