जुन्या भागांतून घरी बसवलेला टर्बो: काही महिन्यांच्या वापरानंतर (आणि तेलाच्या परतीच्या नळीविषयी बरेच काही)

टर्बो बसवलेली गाडी निळा धूर सोडते अशी तक्रार केल्यावर, टर्बोचे सील गेले आहे, नवे कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंग असलेला मधला भाग) घ्यावे लागेल, असे विक्रेत्याने टर्बो हातात न घेताच सांगून टाकले, आणि मुख्यतः त्या उत्तराच्या संतापातून हा अनुभव लिहिला जात आहे. गाडी साधी आहे: १.६ लिटरचे, मुळात टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आणि ९.५:१ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण). टर्बो भंगारात निघालेल्या एका पेट्रोल गाडीचा, तेलाबरोबर पाण्यानेही थंड होणारा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा जोड, घरी वेल्ड केलेला. इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, आणखी एका मोडीत निघालेल्या गाडीचा. तेलाच्या नळ्या, बॅन्जो बोल्ट आणि गॅस्केट यांचा संच तेवढा नवा होता आणि तो टर्बोसोबत त्याच विक्रेत्याने दिला होता. बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वरचा दाब, ०.४ बार, म्हणजे साधारण ६ पीएसआय. टर्बो कसा चालतो हे फार सांगत बसत नाही: एक्झॉस्टने टर्बाइन फिरते आणि त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्तीची हवा दाबतो. जो स्वतः बसवण्याच्या विचारात आहे त्याला ते ठाऊक असणारच.

सुरुवातीचे काही आठवडे तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर गाडी सिग्नलला थोडा वेळ उभी राहून पुन्हा निघाली की मागे निळसर धुराचा लोट सुटू लागला. सलग वेगात चालवताना धूर नाही, सकाळी थंड इंजिन सुरू करताना नाही. आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता चालू, ठेवून नंतर पेडल दाबले की हमखास. पिस्टन रिंगा झिजल्या असत्या तर जोर लावताना धूर सतत दिसला असता. व्हॉल्व्हचे सील गेले तरी आयडलनंतर असाच लोट सुटतो हे खरे, पण मग रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतानाही तो दिसतो. तेव्हा संशय टर्बोवरच येत होता आणि जुना टर्बो घेणे म्हणजे पैसे पाण्यात, असे वाक्य मी या अनुभवासाठी मनात तयारही करून ठेवले होते. ते आता मागे घेत आहे.

टर्बोच्या शाफ्टला सहसा रबरी ऑइल सील नसते. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगांसारख्या धातूच्या बारीक रिंगा असतात आणि त्यांचे काम मुख्यतः वायू अडवण्याचे असते. तेल बाहेर पडत नाही ते मधली पोकळी सतत रिकामी होत राहते म्हणून. इंजिनाकडून तेल काही बार दाबाने बेअरिंगमध्ये येते, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणाऱ्या शाफ्टभोवती घुसळले जाते, आणि खालच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा त्यात दाब उरलेला नसतो. तिथून ऑइल चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापर्यंत, ते केवळ उताराने जाते. शिवाय त्यात हवा मिसळलेली असते, म्हणजे जाते ते तेल कमी आणि फेस जास्त, आणि फेसाला जागा अधिक लागते. म्हणून येणारी नळी पेन्सिलीहून बारीक असली तरी चालते, जाणारी मात्र ऐसपैस हवी: आतला व्यास किमान १२-१३ मिमी, शक्यतो १६ मिमी, उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांहून अधिक कललेली नको, मध्ये झोल पडून तेल साचता कामा नये, आणि चेंबरमधले तिचे तोंड तेलाच्या पातळीच्या वर असावे. यातले काही बिघडले की पोकळी भरते आणि तेल मिळेल त्या वाटेने, बहुधा टर्बाइनच्या बाजूने, एक्झॉस्टमध्ये उतरते. आयडलवर हे अधिक होते, कारण त्या वेळी टर्बाइनच्या बाजूला वायूचा दाब नगण्य असतो आणि तेलाला उलट रेटणारे काही नसते.

संचातल्या परतीच्या नळीचा आतला व्यास १० मिमी भरला. तिच्या टोकाचा काटकोनी फिटिंगचा तुकडा वेगळा करून पाहिला, तर त्यातून ८ मिमीचा ड्रिल बिट जेमतेम सरकत होता. बाहेरून मात्र नळी जाडजूड, वर स्टीलची चकचकीत जाळी. तिचा बाहेरचा घेर पाहून कोणालाही ती पुरेशी वाटावी. एका नळीवर इतके लिहिणे अती होत आहे याची मला कल्पना आहे. पण सबंध जोडणीत जवळजवळ सर्वांत स्वस्त असलेल्या या वस्तूने सबंध जोडणीला वेठीस धरले होते, आणि विक्रेता तिच्याकडे पाहायलाही तयार नव्हता. आधी त्याने धुराचे चित्रण मागितले, मग अधिकृत कार्यशाळेत बसवलेल्या टर्बोलाच हमी लागू होते असे कळवले, आणि शेवटी सवलतीत नवे कार्ट्रिज देऊ केले, ज्याची सवलतीतली किंमत माझ्या पूर्ण टर्बोपेक्षा जास्त होती. नळीच्या तोंडाला कॅलिपर लावून काढलेली छायाचित्रे पाठवल्यावर 'बाकी कोणाची तक्रार नाही' एवढेच उत्तर आले.

कार्ट्रिज घेण्यापूर्वी पडताळणी करणे फुकट होते. टर्बो थंड असताना कॉम्प्रेसरच्या बाजूने शाफ्ट हाताने हलवून पाहिला. जर्नल बेअरिंगच्या (गोळ्या नसलेल्या) टर्बोत आडवा प्ले, म्हणजे सैलपणा, थोडा जाणवतोच, कारण चालताना ती फट तेलाच्या थराने भरलेली असते. पुढे-मागे, म्हणजे लांबीच्या दिशेने, प्ले मात्र हाताला जवळपास लागता कामा नये. तो लागत नव्हता. कॉम्प्रेसरची पाती कडेला कुठेही घासलेली नव्हती. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतला, दाब वाढला तरी परतीचे तेल अडते, म्हणून तो दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काढून तीही तपासली. ती मोकळी होती. नंतर परतीची नळी चेंबरपासून सोडवून, तिच्या जागी टर्बोखाली रुंद रबरी तुकडा बसवून तो सरळ स्वच्छ डब्यात सोडला, चेंबरचे तोंड बुचाने बंद केले, आणि डिपस्टिकवर लक्ष ठेवून इंजिन थोडा वेळ फक्त आयडलवर चालवले. एक्झॉस्टमध्ये आधीच साचलेले तेल जळून गेल्यावर धूर थांबला आणि पेडल दाबूनही परत आला नाही. डब्यात जे पडले ते साबणाच्या फेसासारखे फुगलेले होते. थोड्या वेळाने फेस बसला तेव्हा खाली उरलेले तेल डब्यातल्या मूळ उंचीच्या निम्मेही नव्हते. १० मिमीच्या नळीतून हा फेस उताराने जाईल अशी अपेक्षा धरणाऱ्याने तो एकदा डोळ्यांनी पाहायला हवा होता.

दुरुस्तीसाठी चेंबर खाली उतरवावा लागला. चेंबर जागेवरच ठेवून, ड्रिलला ग्रीस लावून भोक पाडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण धातूचा एक कण जरी तेलाच्या पंपाकडे गेला तरी वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो. तिथे काटकसर करण्याची माझी तयारी नव्हती. तेलाच्या पातळीच्या बऱ्याच वर १६ मिमीचे फिटिंग वेल्ड केले, चेंबर केरोसीनने धुऊन घेतला, आणि परतीसाठी गरम तेल सोसणारी रुंद, छोटी, जवळपास उभी नळी टाकली. डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारी एक्झॉस्टची नळी, शेजारून जातो, म्हणून तिच्यावर उष्णतारोधक आवरण घातले. त्यानंतर आजपर्यंत धूर नाही. कार्ट्रिज जुनेच आहे, सीलही जुनेच आहे.

म्हणून जुन्या टर्बोविषयी माझे आताचे मत पूर्ण अनुकूल आहे, फक्त तो पेट्रोल गाडीचा आणि पाण्याने थंड होणारा असावा. छोट्या डिझेल गाड्यांचे टर्बो अधिक सहज मिळतात, पण त्यांतले बरेचसे केवळ तेलावर थंड होतात, आणि पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच तापतो. इंजिन बंद केल्यावर ती उष्णता मध्यभागी पोहोचून थांबलेले तेल बेअरिंगवर जळून कडक होते.

इंटरकूलरबद्दल थोडक्यात, कारण त्याने त्रास दिलेला नाही. एवढ्या कमी बूस्टला तो लागत नाही असे बरेच जण सांगतात. ३० अंशांची हवा १.४ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ७४ अंशांना पोहोचते आणि सिलिंडरला प्रत्यक्षात जास्तीची हवा मिळते ती २२ टक्क्यांच्या आसपास. तीच हवा इंटरकूलरने ४५ अंशांवर आणली तर हा आकडा ३३ टक्क्यांच्या घरात जातो. भंगारातल्या, काही पाती वाकलेल्या डब्याकडून याहून जास्त काय मागायचे? आत साचलेले जुने तेल मात्र बसवण्यापूर्वी धुऊन काढावे.

मॅनिफोल्डसाठी जाड भिंतीची माइल्ड स्टीलची वेल्डिंगची बेंडे वापरली. पातळ स्टेनलेसचे नळकांड्यांचे मॅनिफोल्ड दिसायला सुंदर असतात, पण स्टेनलेस तापल्यावर अधिक प्रसरण पावते आणि टर्बोचे वजनही त्याच नळ्यांवर लटकत असते, त्यामुळे वेल्डच्या कडेला तडे जातात. आमचा मॅनिफोल्ड काळाकभिन्न आणि ओबडधोबड आहे, आणि तो अद्याप शाबूत आहे. वेल्ड करताना त्याची फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळून धरली होती, तरीही ती थोडी वाकलीच आणि मशीनवर सपाट करून घ्यावी लागली. हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही. डाउनपाइपला टर्बोलगत लवचीक बेलोज आणि दुसऱ्या टोकाला आधाराची पट्टी दिली आहे. स्टडचे नट पहिल्या काही तापण्या-निवण्यांत ढिले होतात, ते पुन्हा आवळावेत.

काटकसर जिथे मुळीच करू नये ती जागा म्हणजे इंधन आणि इग्निशन. इनटेकमधला दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, त्यामुळे बूस्ट आला हे मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, कळतच नाही. बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावून काम भागते असे म्हणतात, आणि मीही काही काळ तसेच भागवले. पण इग्निशन मागे घेणे (ठिणगी उशिरा पाडणे) त्याच्या हाती नसते, आणि पिस्टन फुटतात ते बहुतेक नॉकिंगने, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी. नंतर अर्डुइनो मेगावर चालणारा, मुक्त आराखड्याचा स्पीडुइनो हा ईसीयू जुळवला, २.५ बारचा मॅप सेन्सर आणि मोठे इंजेक्टर लावले, आणि वाइडबँड लॅम्डा, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-इंधन प्रमाण मोजणारा सेन्सर, घेतला. वाइडबँडला मी सुरुवातीला चैन मानत होतो. आता संपूर्ण यादीतून एकच नवी वस्तू घेण्याची मुभा असेल तर तीच घ्यावी असे म्हणेन. पूर्ण बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवले आहे, इग्निशन काही अंश मागे, स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) आणि त्यांची फट ०.७ मिमी.

०.४ बार ऐकून मित्र हसतात. त्यांना १९६२ सालच्या ओल्ड्समोबील जेटफायरचे उदाहरण देतो. टर्बो घेऊन बाजारात आलेल्या अगदी पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी ती एक. तिचे कॉम्प्रेशन १०.२५:१ होते आणि नॉकिंग रोखण्यासाठी पाणी व मेथनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावे लागे. मालक ती टाकी भरायचे टाळत, आणि अनेक गाड्यांचे टर्बो पुढे काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. एका मोठ्या कारखान्याला इतक्याच माफक बूस्टसाठी ही सर्कस करावी लागली असेल, तर ९.५:१ च्या इंजिनावर घरी बसून १ बारची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही. इंधनाची प्रत आणि आजचे इंजेक्शन तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारले आहे, पण पिस्टन तेच साधे कास्ट ॲल्युमिनियमचे आहेत.

रोजच्या वापरात गाडी शांत आहे. सुमारे २,५०० आरपीएमनंतर ओढ स्पष्ट जाणवते आणि चढावर गियर उतरवावा लागत नाही. हलक्या पायाने चालवल्यास पेट्रोल पूर्वीइतकेच लागते; जड पायाचा हिशेब वेगळा. पेडल सोडल्यावर साचलेला दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा पुन्हा इनटेकमध्ये वळवली आहे, कारण प्रत्येक गियरला होणाऱ्या फुस्स आवाजाचे मला कौतुक नाही. ऑइल आता सिंथेटिक आणि बदलण्याचे अंतर पूर्वीच्या निम्मे. ऑइल बदलताना दर वेळी परतीची नळी हाताने दाबून पाहतो, क्लिपांखाली ओल आली आहे का ते बघतो, आणि आवरण जिथे डाउनपाइपकडे झुकते तिथे बोट घालून अंतर चाचपतो.

सध्या डोके वर काढलेली अडचण क्लचची आहे. वरच्या गियरमध्ये बूस्ट चढताना आरपीएम वाढतो आणि वेग तिथेच राहतो. मूळ क्लच प्लेट मूळ टॉर्कसाठी बनवलेली आहे, तेव्हा यात तिला दोष देता येत नाही. नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट बसेपर्यंत वरच्या गियरमध्ये पाय आवरता घ्यावा लागतो. बूस्टची मर्यादा ठरवणाऱ्या वेस्टगेट झडपेसाठी ०.६ बारचे स्प्रिंग हौसेने आणून ठेवले होते, ते मात्र विकायला काढले आहे.