चोरिस घ्यायचा की चोरिझो?

ऑनलाइन 'चोरिझो' दिसलं, गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेल्या चोरिसच्या, म्हणजे पोर्क सॉसेजच्या, लाल माळा आठवल्या आणि ऑर्डर टाकली, तर बहुतेक भलतंच काहीतरी घरी येईल. झेडवालं स्पेलिंग स्पॅनिश. पोर्तुगीजमध्ये तिथे सी असतो, खाली शेपटी असलेला, आणि गोव्यात त्याचाच चोरिस झाला. आता गंमत अशी की गोव्यातली हॉटेलंसुद्धा मेन्यूवर बिनधास्त झेड ठोकतात आणि पावात देतात गावठी चोरिस! म्हणून नावापेक्षा पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

व्हिनेगर, सुकी लाल मिरची, आलं, लसूण, हळद, लवंग, दालचिनी दिसली की माल गोव्याचा. पोर्कचे छोटे तुकडे (चरबीसकट हं) माडीच्या व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरतात, दोऱ्याने मणी बांधतात, उन्हात वाळवतात, बरेच जण धुरीही देतात, पावसाळ्याची बेगमी ती. पण आतलं मांस कच्चंच असतं, त्यामुळे शिजवल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही.

स्पॅनिशमध्ये लसूण, मीठ आणि पिमेंतोन, म्हणजे बहुतेकदा धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड. व्हिनेगर सहसा नाही, तिखटपणा जेमतेम. त्यातला क्युअर्ड, म्हणजे मिठात मुरवून सुकवलेला, प्रकार पातळ काप करून तसाच चीज-ब्रेडबरोबर खातात, ताजा मात्र शिजवावा लागतो, तेव्हा पाकीट नीट बघा.

मला विचाराल तर आपल्या जिभेला गोव्याचाच. दोरा कापायचा, साल काढायची, कढईत थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं, चरबी सुटून लालभडक तेल येतं की त्यातच भरपूर कांदा आणि बटाट्याच्या फोडी. वरून तेल नको, मीठ तर चाखल्याशिवाय अजिबात नको. पावात भरा नाहीतर पुलाव करा. स्पॅनिश इथे वापरलात तर ती आंबट-तिखट झणझण येतच नाही, नुसता धुरकट वास. उलट पार्टीला प्लेटमध्ये मांडायचं असेल, घरात तिखट न खाणारे असतील, किंवा ऑम्लेटमध्ये चार काप टाकायचे असतील तर स्पॅनिश बरा, महाग पडतो पण थोडा पुरतो.

पाएला या स्पॅनिश भातासाठी घेत असाल तर तो जिथला, त्या स्पेनमधल्या वॅलेन्सियावाल्यांना सांगू नका, 2016 मध्ये एका ब्रिटिश शेफने त्यात चोरिझो घातला म्हणून लोक तुटून पडले होते.

आणि गोव्याचा आणलात तर फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, नाहीतर सकाळच्या चहाच्या दुधाला व्हिनेगर-लसणाचा वास.