सकाळी कमरेतून काढलं, दुपारी डोळ्यात टोचलं

तासगावच्या बेदाणा सौद्यात बॉक्स फोडून, मूठभर माल हातात घेऊन, चार दाणे तोंडात टाकल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. वीस वर्षं तिथं माल घालतोय. आणि गेल्या वर्षी मीच बेदाण्याच्या पट्टीतले, म्हणजे विक्रीच्या हिशेबातले, तीन लाख रुपये, न बघितलेल्या मालासाठी, एका दवाखान्याच्या टेबलावर मोजून ठेवले. माल म्हणजे स्टेम सेल, मूळ पेशी. डोळा थोरल्या भावाचा.

आण्णाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होत जाणारा जन्मजात दोष. लहानपणी दिवेलागणीनंतर अंगणातली बादली तो हमखास लाथाडायचा आणि आई त्याला धांदरट म्हणायची. पुढं बाजूचं दिसणं जात गेलं. पंचेचाळिशीत नळीतून बघावं एवढंच उरलं, पण त्या नळीतून तो पेपर वाचायचा, पट्टीवरचे आकडे तपासायचा. वडिलांनी मामाची मुलगी केलेली, आपल्या भागात त्यात कुणाला वावगं वाटत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नात असा दोष दोन्हीकडून मुलात उतरायची शक्यता वाढते, हे मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं. आण्णाच्या प्रकारावर आज औषध नाही, काठी घेऊन चालायला शिका, दिव्यांगत्वाचा दाखला काढा, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही तोंड पाडून घरी आलो. खरं बोलणाऱ्या डॉक्टरांचा राग आला होता तेव्हा, लपवत नाही.

मग सौद्यातल्याच एका ओळखीच्या माणसानं सांगलीतल्या मोफत नेत्र शिबिराचं सांगितलं. (त्याला माणशी कमिशन होतं, हे नंतर कळलं.) तिथं पडद्यावर जे दाखवलं त्यातलं बहुतेक खरं होतं, म्हणूनच आम्ही अडकलो. शरीरातली साधी पेशी उलट फिरवून तिची मूळ पेशी करता येते, या शोधाबद्दल जपानच्या शिन्या यामानाका यांना 2012 साली जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं, हे खरं. तिथल्याच मासायो ताकाहाशी यांच्या पथकानं 2014 साली कोबे शहरात अशा पेशींपासून वाढवलेला थर सत्तरीच्या एका बाईंच्या डोळ्यात बसवला, हेही खरं. खोटं एकच वाक्य होतं: "तेच तंत्र आता आपल्या पुण्यात."

एका डोळ्याचे पावणेदोन लाख, दोन्हींचे आगाऊ भरले तर तीन. रोख. पावती फक्त वीस हजारांची, तीही 'सल्ला व तपासणी' अशी. चार पानी इंग्रजी कागदावर आण्णाची सही घेतली, प्रत दिली नाही. सकाळी नऊला कमरेच्या हाडातून मगज काढला, यंत्रात फिरवला आणि दुपारी एकला डोळ्यात सुई. दोन्ही डोळे आजच करू म्हणून ते मागं लागले होते. आण्णा टेबलावर आडवा झालेला, तिथूनच म्हणाला, "दोन्ही नको. नवं औषध आधी एका ओळीवर मारून बघायचं, सगळ्या बागेवर नाही." मला त्याची लाज वाटली. एवढे शिकलेले लोक, आणि हा बागेचं काय सांगतोय, असं वाटलं. आज तो उजव्या डोळ्यानं मोबाइलवरची मोठी अक्षरं वाचतो, ते त्या एका वाक्यामुळं.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या डोळ्यासमोर काळी जाळी, मग पडदा ओढल्यासारखं. फोन केला तर, "पेशी रुजतायत, दम धरा." आम्ही दहा दिवस दम धरला. मिरजेला गेलो तेव्हा आत चट्टे धरून डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण आता त्या डोळ्याला उजेड-अंधार एवढाच कळतो.

डॉक्टर रागावले नाहीत. समोर बसवून त्यांनी जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. द्राक्षाचा बेदाणा करायला डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, रॅकवर बारा-पंधरा दिवस ठेवावं लागतं, घाई केली तर माल काळा पडतो. मूळ पेशीपासून डोळ्याच्या पडद्याची पेशी वाढवायला प्रयोगशाळेत महिने लागतात. रोज खाद्य बदलायचं, योग्य वेळी योग्य रसायन द्यायचं, मग रंगद्रव्याच्या पेशी फरशीसारख्या चिकटून वाढल्या का ते बघायचं, नको त्या पेशी राहिल्या नाहीत ना याची चाचणी करायची. आमच्याकडं हे सगळं सकाळी नऊ ते दुपारी एकमध्ये उरकलं होतं! कमरेतल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या डोळ्यात टोचल्या म्हणून पडद्याच्या होत नाहीत, उलट आत चट्टा धरून पडदा ओढू शकतात.

शिबिरात न सांगितलेलं तर बरंच निघालं. जपानच्या त्या बाईंचा आजार वेगळा होता, म्हातारपणी पडद्याचा मधला भाग खराब होतो तो. बसवला तो पडद्याखालचा रंगद्रव्याचा थर, बघणाऱ्या पेशी नव्हेत. वर्षभरानं त्यांची नजर सुधारली नव्हती, आणखी खालावली मात्र नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले तेव्हा त्या पथकानं ते रोपण केलंच नाही. हे वाचताना मी बराच वेळ गप्प होतो. तिथं तयार माल बाजूला ठेवला, इथं यांना दुसऱ्या डोळ्याची घाई.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकनं तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या होत्या. पाच-पाच हजार डॉलर घेऊन. तिघींचीही नजर गेली. ते प्रकरण 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या क्लिनिकच्या अभ्यासाचं नाव सरकारी नोंदणीच्या यादीतही होतं, तेव्हा कुणी नोंदणी क्रमांक दाखवला म्हणून भुलू नका. आपल्याकडं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या सूचना आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे मला पैसे भरायच्या आधी माहीत असतं तर शिबिरातूनच उठलो असतो.

वैद्यकीय परिषदेकडं आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडं अर्ज दिलाय. अडचण पुराव्याची आहे. वीस हजारांची पावती, फोनचे रेकॉर्डिंग आणि मिरजेची फाइल, एवढंच हातात. ज्यांच्यावर असं काही चालू असेल त्यांनी सही केलेल्या कागदाचा त्याच जागी मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा. आम्हाला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "तुमचा एक डोळा बाकी आहे, पैसे जमा आहेत, कधी येताय?" मी बोलायच्या आत आण्णानं फोन घेतला. शांतपणे विचारलं, "माल कुठं वाढवता, किती दिवस ठेवता, आणि बघायला कधी येऊ?" पलीकडून, "सरांना विचारून सांगतो." अजून सांगितलेलं नाही.