लिस्टेड घर की कॉन्झर्व्हेशन एरियातलं? सोलरच्या परवानगीचा हिशेब

इंग्लंडमध्ये जुनं घर घ्यायला निघालात की ‘लिस्टेड’ (म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली इमारत) आणि ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’ हे दोन शब्द कानावर पडतातच. दोन्ही सारखेच भारदस्त वाटतात. छपरावर सोलर बसवायचं मनात असेल, तर मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॉन्झर्व्हेशन एरियात जपला जातो तो परिसर. तिथे उतरत्या छपरावर पॅनल बसवायला बहुतेक वेळा अर्जच करावा लागत नाही. पॅनल छपरापासून २०० मिलिमीटरपेक्षा जास्त वर उचललेले नकोत आणि धुराडं सोडून छपराच्या सर्वांत उंच भागाच्या वर जायला नकोत, एवढं सांभाळायचं. सपाट छपरासाठी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, पूर्वसंमती लागते. मेख एकच: काही ठिकाणी कौन्सिलने ‘आर्टिकल ४’ हा आदेश लावून अशा बिनअर्जाच्या सवलती काढून घेतलेल्या असतात. आपल्या गल्लीचं काय, ते आधी बघा.

लिस्टेड घरात जपली जाते ती इमारतच, अगदी आतूनबाहेरून. त्यामुळे मागच्या, कुणालाही न दिसणाऱ्या उतारावरही ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’, म्हणजे अशा इमारतीत बदल करायची खास संमती, सहसा लागतेच. ती न घेता काम केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. ‘मग बागेत लावू’ म्हणाल, तर तिथेही सुटका नाही. लिस्टेड घराच्या आवारात जमिनीवर किंवा शेडवर लावायला प्लॅनिंग परमिशन लागते. गंमत म्हणजे कन्सेंटच्या अर्जाला फी नाही आणि निर्णयाची ठरलेली मुदत ८ आठवडे आहे. खर्च होतो तो नकाशे आणि हेरिटेज स्टेटमेंट (कामाचा इमारतीच्या वारशावर काय परिणाम होईल याचा अहवाल) तयार करून घेण्यात. जुने वासे वजन पेलतील का, मूळ स्लेट फुटणार नाहीत ना, पॅनल उद्या काढले तर छप्पर होतं तसं राहील का, याची उत्तरं अर्जात चोख हवीत.

लिस्टेड म्हणजे नकारच, असं मुळीच नाही. केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपल ग्रेड वन, म्हणजे यादीतल्या सर्वांत वरच्या दर्जाचं आहे, तरी २०२३मध्ये त्याच्या छपरावर चारशेहून जास्त पॅनल चढले. लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलने तर २०२२मध्ये ग्रेड टू या खालच्या दर्जाच्या बहुतेक इमारतींना, अटी पाळल्यास, स्वतंत्र अर्जातूनच मोकळं केलं. म्हणजे घराइतकीच कौन्सिलही पारखून घ्यावी लागते.

घर अजून ठरलं नसेल आणि सोलर हवंच असेल, तर मी डोळे झाकून कॉन्झर्व्हेशन एरियातलं घेईन. लिस्टेड घरावरच जीव जडला असेल, तर पुढचा उतार विसरा. मागचा, किंवा दोन छपरांमधल्या खोलगट भागातला उतार मागा. आणि घरावर आधीच पॅनल दिसले तर हुरळून न जाता वकिलामार्फत कन्सेंटचा कागद मागवा. ते पॅनल विनापरवाना असतील, तर काढायची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते, आणि त्या कारवाईला काळाची मर्यादा नाही.