स्पिती विंटर फोटो टूरच्या नावाखाली आमचे पैसे कसे गेले, बुकिंग करायच्या आधी वाचा

परवा खानापूरच्या एका पोराचा मेसेज आला, "दादा तुम्ही स्पितीला जाऊन आलाय न्हवं, हे लोक कसे आहेत, उद्या बुकिंगचे १० हजार भरूलालोय" आणि खाली टूरचं पोस्टर. स्पिती म्हणजे हिमाचलातलं उंचावरचं खोरं. पोस्टरवर नाव वेगळं होतं, पण मजकूर वाचता वाचताच माझे हातपाय गार पडले कारण त्यातलं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. त्याला लगेच फोन लावून थांबवलं. बाकीच्यांना कोण थांबवणार, म्हणून हे लिहायला बसलोय. लांबेल जरा, पण बर्फात फोटो काढायला जायचं डोक्यात असेल तर पूर्ण वाचा.

मी बेळगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फोटोग्राफी रविवारची. जांबोटी, चोर्ला, पावसात आंबोली, थंडीत पहाटे राजहंसगडावरून धुकं, नऊ वर्षं हेच चाललंय आणि त्यातच मी खूश होतो. पण बर्फ कधी बघितला नव्हता. पांढऱ्या डोंगरावर पहिलं ऊन पडताना एकदा तरी आपल्या कॅमेऱ्यातनं बघायचं एवढीच इच्छा, आणि त्यासाठी दोन वर्षं ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकत होतो.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची फोटोची आवड असलेली माणसं. त्यात एकाने पोस्टर टाकलं, जानेवारीत स्पिती, ९ रात्री, १२ जणांची बॅच, सोबत मेंटॉर, म्हणजे फोटो शिकवणारा जाणता माणूस. मी फोन केला तर समोरचा माणूस अगदी आपल्या भागातलं मराठी बोलणारा, "या की ओ, आपलीच माणसं, काळजी कशाला करता" असं. आता इथं राहणाऱ्यांना सांगायला नको, दिवसभर ऑफिसात एक भाषा, बँकेत दुसरी, आणि मग कोण आपल्यासारखं बोललं की आपण निम्मा विश्वास तिथंच टाकून मोकळे होतो. मी तर पूर्ण टाकला. त्याचं ऑफिस कुठं आहे, बिल देणार का, आधी कुणाला नेलंय, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही.

पैसे असे गेले. आधी बुकिंगचे १० हजार. मग महिनाभराने उरलेले ३२,५००. मग "परमिट"चे ३,५००. मग माझ्याकडं लांब पल्ल्याची लेन्स नव्हती, स्पितीतल्या किब्बर गावाकडं थंडीत हिमबिबट्या खाली उतरतो त्यासाठी १००-४०० मिमीची लेन्स लागेल, भाड्याने मी देतो म्हणाला, त्याचं डिपॉझिट १८ हजार. एकूण ६४ हजार. सगळे यूपीआयने, आणि दोन वेगवेगळ्या खात्यांवर. दुसऱ्या खात्याला बाईचं नाव दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाला मिसेसचं आहे, लिमिट संपलंय माझं. आई त्यावेळी भाजी निवडत शेजारी बसली होती, तिने विचारलं होतं, "एवढे पैसे कुणाला पाठवूलालास रे, पावती तरी दिली का त्याने?" मी म्हटलं देतो गं तो. पावती आजपर्यंत आलेली नाही.

परमिटचं तर आत्ताच सांगून टाकतो. स्पितीला जायला भारतीय माणसाला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायचा सरकारी परवाना, लागतच नाही. किन्नौरातल्या रेकाँग पिओकडनं स्पितीतल्या काझा गावाला जाताना ते विदेशी लोकांना लागतं. म्हणजे ते ३,५०० सरळ सरळ हवेतले, आणि एक फोन फिरवला असता तर कळलं असतं.

पण मला सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच. पोस्टरवर जो मुख्य फोटो होता तो चंद्रतालचा, रात्रीचा, तळ्याच्या काठावर तंबू आणि वर मिल्की वेचा, म्हणजे आकाशगंगेचा, तो जाड उजळ पट्टा उभाच्या उभा. खाली लिहिलेलं, "८वी रात्र चंद्रताल कॅम्प, मिल्की वे शूट." मी तो फोटो मोठा करून करून बघितला असेल पन्नास वेळा. आता तुम्हीच बघा. काठावर हिरवं गवत होतं. जानेवारीत! आणि मिल्की वेचा तो जो उजळ मधला भाग असतो तो जानेवारीत रात्री दिसतच नाही, सूर्य त्या काळात त्याच बाजूला असतो, तो दिसायला लागतो फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे पहाटे. हे मला माहीत होतं, मी स्वतः एप्रिल-मे मध्ये जांबोटीच्या पुढं अंधारात जाऊन तो काढलेला आहे, त्यासाठी वळिवाच्या आधीच्या अमावस्या शोधत बसतो दरवर्षी. आणि चंद्रतालला जायचा रस्ता कुंझुम खिंडीजवळनं, साडेचार हजार मीटरच्या वर, तो बर्फाने साधारण नोव्हेंबरपासून बंद होतो ते मे-जूनपर्यंत. मनालीकडचा अटल टनेल २०२० ला झाला म्हणून लोकांना वाटतं आता बारा महिने तिकडनं काझाला जाता येतं, पण टनेल रोहतांग खिंडीच्या खालनं लाहौलमध्ये काढतो, कुंझुम पुढं तसाच राहतो. थंडीत स्पितीला जायला एकच वाट, शिमला-किन्नौरकडनं आत आणि त्याच वाटेने परत. म्हणजे तो अख्खा प्रोग्रामच होऊ न शकणारा होता आणि त्याचा पुरावा त्याच्याच फोटोत होता. मी लाइट बघितला, कॉम्पोझिशन बघितलं, ऋतू बघितला नाही.

गोवा एक्सप्रेसने मी आणि माझा कंपनीतला मित्र दिल्लीत निजामुद्दीनला उतरलो, तिथनं बसने चंदीगड. १२ जण म्हटले होते तर आलो ७. मेंटॉर आलाच नाही, त्याचा मेसेज आला की मामा वारले, तुम्ही पुढं व्हा, मी कल्प्यात गाठतो. मामा वारले म्हटल्यावर कोण काय बोलणार. टेम्पो ट्रॅव्हलर होती, ड्रायव्हर चांगला होता बिचारा. नारकंडा, मग कल्पा. कल्प्यात पहाटे समोरच्या किन्नर कैलास शिखरावर पहिलं ऊन आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, आधी नुसतं एक टोक तांबूस झालं आणि मग रंग हळूहळू खाली उतरत आला आणि आम्ही सातही जण गप्प. त्या अर्ध्या तासात कुणाच्या मनात शंका नव्हती.

नाष्टा झाल्यावर ड्रायव्हर येऊन म्हणाला, "भाईसाब, मेरे को तो पिओ तक का ही अ‍ॅडव्हान्स मिला है, आगे का पेमेंट आप करोगे क्या?" ज्याला पैसे भरले होते त्या माणसाला फोन लावला, स्विच ऑफ. दुपारपर्यंत लावत होतो. मग कुणीतरी ग्रुप उघडला तर आम्हाला सगळ्यांना काढून टाकलेलं. काझाच्या ज्या होमस्टेचं नाव प्रोग्राममध्ये होतं तिथला नंबर शोधून फोन केला तर ते म्हणाले असल्या नावाने आमच्याकडं बुकिंगच नाही.

त्या दुपारी कल्प्याच्या खाली रेकाँग पिओच्या बाजारात रस्त्याकडेला उभं राहून आमची जी बोलणी झाली ती इथं लिहीत नाही. गडहिंग्लजचे दोघं तिथनंच परत फिरले. आम्ही पाच जणांनी पैसे काढून गाडी केली आणि पुढं गेलो, कारण सुट्टी परत मिळणार नव्हती. वरचा खर्च माणशी १९ हजाराच्या आसपास झाला.

काझ्यात ज्या घरात राहिलो तिथल्या आंटींना चंद्रतालचं विचारलं तर त्या आमच्याकडं बघतच राहिल्या. "जनवरी में? वहाँ तो कोई नहीं जाता बेटा." तंदूरमध्ये लाकूड घालत एवढंच बोलल्या आणि आमच्या ताटात अजून थुकपा वाढला.

आणि मेंटॉरचे पैसे घेऊन मेंटॉर न देणं म्हणजे काय ते तिथं कळलं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, काझा साडेतीन हजाराच्या वर. विरळ हवेची सवय व्हायला पोचल्यावर एक-दोन दिवस नुसतं आराम करायचा असतो, हे सांगायला कोण नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही सरळ कॉमिक गावाला गेलो, साडेचार हजार मीटर. निपाणीच्या दादांचं डोकं धरलं, उलट्या सुरू, चालता येईना. खाली आणून काझाच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला तेव्हा तासाभराने बोलायला लागले. त्यांच्या घरी दोन लहान मुली आहेत. पैशाचं एक वेळ सोडून देईन मी, पण हे नाही.

कॅमेऱ्याचं पण तेच. लांगझा गावात पहाटे उणे वीसच्या आसपास होतं, माझी बॅटरी ६० टक्क्यांवरनं बघता बघता शून्यावर आली. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ती मेलेली नसते, बनियनच्या आतल्या खिशात ठेवून गरम केली की परत थोडी चालते. मला हे माहीत नव्हतं, एका स्थानिक पोराने सांगितलं. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रायपॉडला उघडा हात लावला तर कातडं चिकटतं. वाऱ्याने मित्राची लाल टोपी उडून तिथल्या बुद्धमूर्तीच्या पुढं बर्फात जाऊन पडली आणि ती आणायला पळायची ताकद दोघांत नव्हती एवढा दम लागलेला. परत आलो आणि कोल्हापूरच्या एकाने कॅमेरा तसाच गरम खोलीत नेला, पाच मिनिटांत लेन्सच्या आतनं वाफ धरली, पुढचे दोन दिवस ती लेन्स गेली. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट तोंड बांधायचं, मग आत न्यायचं आणि पिशवी खोलीएवढी गरम झाल्यावरच उघडायची, एवढी साधी गोष्ट. ज्या माणसाने आपण दहा वेळा विंटर स्पिती केलंय म्हणून पैसे घेतले त्याने सामानाच्या यादीत एक साधी पिशवी लिहिली नव्हती. मला वाटतं तो तिकडं कधी गेलेलाच नाही.

परत आल्यावरचं सांगतो, कारण त्यात माझ्याही चुका झाल्या. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लगेच पिओतनंच करायला पाहिजे होता. मी केला घरी आल्यावर, नऊ दिवसांनी. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवून धरायची शक्यता, माझ्या वेळी त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पोलिसांत गेलो तर आधी "इदु सिव्हिल मॅटर री" (हा दिवाणी मामला आहे) असं ऐकायला मिळालं. मग म्हणे तो माणूस महाराष्ट्रात राहतो, तिकडं द्या. तिकडं गेलो तर ते म्हणाले पैसे बेळगावातनं गेलेत, तिकडं द्या. दोन महिने या हद्दीतनं त्या हद्दीत. शेवटी कंपनीतले एक कन्नड सर माझ्याबरोबर आले, त्यांनी अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून दिला आणि झिरो एफआयआरचा विषय काढला, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी पहिल्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि मग पाठवायचा, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ ला ते आहे. तेव्हा कुठं नोंद झाली. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरं म्हणजे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरचा कुठला का असेना, म्हणजे सीमेवरच्या आपल्यासारख्यांना हेच सोयीचं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीत आणि कन्नडमध्ये पण बोलता येतं. आमची केस आता चालू आहे, आम्ही पाच जण एकत्र आहोत. त्याच्याकडनं आजपर्यंत फक्त निपाणीच्या दादांना ८ हजार परत आलेत, तेही त्याच्या घरी जाऊन बसल्यावर.

कुणी टूर विकायला आला तर त्याच्याकडं त्याच्या दोन फोटोंच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइल, मागा. जेपीईजी कुणाचाही उचलता येतो, रॉ ज्याने काढला त्याच्याकडंच असते. खरा फोटोग्राफर हसत हसत दाखवतो, लॅपटॉपवर समोर बसून दाखवेल. टाळाटाळ झाली की तिथंच थांबा. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, मी नंतर टाकला तेव्हा तो चंद्रतालचा फोटो दुसऱ्याच कुणाचा निघाला, चार वर्षांपूर्वीचा. होमस्टेला स्वतः फोन करा, आपलं नाव तिथं लिहिलंय का विचारा. पक्कं बिल आणि जीएसटी नंबर मागा, नंबर सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. आणि पैसे दोन-दोन माणसांच्या खात्यावर मागितले की भरू नका, मिसेसचं असो नाहीतर कुणाचं.

खानापूरच्या पोराने पाठवलेलं पोस्टर त्या दिवशी मी नुसतं वाचलं होतं. रात्री जेवण झाल्यावर त्यातला फोटो मोठा करून बघितला. लांगझाची बुद्धमूर्ती, मागं चाऊ चाऊ कांग निल्डा शिखरावर नुकतंच आलेलं ऊन, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बर्फात अर्धी रुतलेली लाल टोपी. मी इन्स्टाग्रामवर टाकलेला माझाच फोटो, त्या टूरवाल्याने उचललेला, पुढच्या बॅचसाठी.

त्याची रॉ फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आहे, तारखेसकट वेळेसकट. सोमवारी सुट्टी टाकून ती आणि ते पोस्टर घेऊन वकिलांकडं चाललोय. खानापूरचं पोरगं पण येतंय बरोबर, त्याला आलेले मेसेज द्यायला.