नाशिकहून खाऱ्या पाण्यातलं फ्लाय फिशिंग : केळवे, आंजर्ले की देवबाग?

गाइड नको, बोट नको, दोघांचा मिळून खर्च वीस हजारांच्या आत, आणि तरी समुद्रात फ्लाय, म्हणजे केस-पिसं बांधून बारीक मासळीसारखा दिसणारा गळ, टाकायची. असा बेत असेल तर नाशिककराने तीन किनाऱ्यांचा विचार करावा: पालघरचं केळवे, दापोलीजवळचं आंजर्ले आणि मालवणच्या दक्षिणेला असलेलं देवबाग. बहुतेक जण नकाशा उघडतात आणि जवळचा किनारा धरतात. नकाशा नंतर बघा, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. सुट्टी कोणत्या तिथीला येते त्यावर किनारा ठरतो. गाइड नसेल तेव्हा मासा कुठे येईल हे सांगणारं एकच कोणी उरतं, ते म्हणजे वाहतं पाणी.

तिथीचा हिशेब

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. षष्ठीला साडेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. मालवणकडे भरती याआधी येते, डहाणू-पालघरकडे थोडी उशिरा. नेमक्या मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक लागेलच, पण रजेचा अर्ज टाकायला एवढं पुरतं.

आता किनारे त्यावर बसवून बघा. केळव्याला सप्तमी ते नवमी, म्हणजे भांगाची (उधाणाच्या उलट, सौम्य) भरती हवी. आंजर्ल्याला अमावास्या-पौर्णिमेच्या मागचेपुढचे दोन दिवस चालतात, कारण पहाटे ओहोटी संपून सकाळभर पाणी खाडीत शिरत राहतं. देवबागला चतुर्थी ते षष्ठी: उजाडण्याआधी भरती संपलेली असते आणि नऊ-दहापर्यंत नदीचं पाणी संगमातून बाहेर ओढलं जातं. भाऊबीजेनंतर दोन-चार दिवसांनी नेमकी हीच तिथी येते. मात्र दिवाळीच्या सुट्टीत देवबागमध्ये खोली मिळणं मुश्किल, आणि मिळाली तरी भाव चढलेला. त्यापेक्षा मार्गशीर्ष किंवा पौषातली तीच तिथी धरा. पाणीही तोवर जास्त निवळलेलं असतं.

खर्च, दोघांचा

गाडीला किलोमीटरमागे ७ रुपये पेट्रोल (लिटरला १५ किमी धरून), खोली रात्रीला २,०००, जेवण माणशी दिवसाला ६००. टोल वेगळा.

| | केळवे | आंजर्ले | देवबाग |
|---|---|---|---|
| जाऊन-येऊन अंतर (अंदाजे) | ३२० किमी | ७६० किमी | १,२०० किमी |
| पेट्रोल | २,२४० | ५,३२० | ८,४०० |
| रात्री / खोली | १ / २,००० | २ / ४,००० | ३ / ६,००० |
| जेवण | २,४०० | ३,६०० | ४,८०० |
| बेरीज | ६,६४० | १२,९२० | १९,२०० |
| फ्लाय टाकायला मिळणाऱ्या सकाळी | १ | २ | ३ |

शेवटच्या ओळीने बेरीज भागून बघा. एका सकाळीचा खर्च तिन्हीकडे साडेसहा हजारांच्या आसपासच येतो. केळवे स्वस्त वाटतं ते दिवस कमी आहेत म्हणून. खरी बचत हवी असेल तर देवबागला रेल्वेने जा. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून गाडी न बदलता कोकण रेल्वेवर जाते. मालवणला जवळची स्टेशनं म्हणजे कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली. आपल्या गाडीचा थांबा कुठे आहे ते तिकीट काढतानाच बघून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढे एसटी किंवा रिक्षा. चार तुकड्यांचा ९ फुटी रॉड नळीत घालून बर्थखाली सहज मावतो.

केळवे

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत चार-साडेचार तासांत पोहोचता. इथली अडचण पाण्याची. खंभातच्या आखाताकडे जाताना भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, प्रवाह जोरकस होतो आणि तळाचा गाळ पाण्यात मिसळून राहतो. उधाणाला तर पाणी इतकं मागे जातं की उरतो तो नुसता ओला सपाट किनारा. म्हणून भांगाच्या दिवसांत, पूर्ण भरतीच्या आधी तासभर ते नंतर दोन तास, एवढीच वेळ कामाची.

गढूळ पाण्यात मासा फ्लाय बघत नाही, तिची हालचाल त्याला जाणवते. त्यामुळे बारीक, चकचकीत फ्लाय इथे वाया जाते. काळी किंवा जांभळी, डोक्याशी दाट केसांची, पाणी ढकलणारी फ्लाय घ्या आणि अगदी सावकाश ओढा. शिंगाळा लागायची शक्यता सगळ्यात जास्त, नशीब असेल तर लहान रावस. भरतीला मागे सरकत सरकत सुरूच्या झाडांपाशी आलात की मागचा फेक (पुढे टाकण्याआधी मागे झुलणारी लाइन) फांदीत अडकणार, त्यामुळे झाडांमधली मोकळी जागा आधी हेरून ठेवा. खाडीत उतरायचा मोह टाळा. चिखल गुडघ्यापर्यंत घेतो आणि जाळ्यांचे रोवलेले खुंट भरतीत दिसत नाहीत.

खाऱ्या, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या, वाऱ्यात फेक जमतोय का, लाटेत लाइन सांभाळता येते का, एवढं तपासायला केळवे ठीक आहे. माशासाठी म्हणून जाऊ नका.

आंजर्ले

इथे जोग नदी समुद्राला मिळते. एका बाजूला लांबलचक पुळण, आत खाडीत तिवरं, मध्ये खडपं. तांबोशी आणि जिताडा दोन्ही आडोशाला धरून राहतात, म्हणून पुळणीवर वेळ न घालवता खाडीच्या मुखापासून आत सरका. चढतं पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत पोहोचायला लागलं की पहिले तीन तास सोन्याचे. फ्लाय मुळांच्या जितकी जवळ पडेल तितकी बरी. दोन हात लांब पडली तर तांबोशी बहुधा बाहेर येत नाही, आणि आली तर फ्लाय घेऊन सरळ मुळांत परत जाते. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवा, पहिल्या दोन सेकंदांत एक फूटही लाइन देऊ नका. तांबोशीचे दात आणि जिताड्याचा कानशीसारखा खरखरीत जबडा, दोन्ही लाइनच्या शेवटचं १६ पौंडी बारीक टोक कापतात. पुढे ४० पौंडी मोनोचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) वीतभर तुकडा हवाच.

जवळच्या हर्णै बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, तिथे अर्धा तास काढा. विकत घ्यायला नव्हे, टोपल्यांतली बारीक मासळी बघायला. मांदेली बोटभर असेल तर फ्लायही बोटभर. एवढ्या एका गोष्टीने डब्यातल्या निम्म्या फ्लाय घरी ठेवता येतात.

धोका वाळूच्या बांधांचा. चढत्या पाण्यात तुम्ही बांधावर पुढे बघत उभे असता आणि मागची सखल पट्टी आधी भरते. पाणी मांडीला लागायच्या आत परत फिरायचं. शिवाय आंजर्ल्याच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका, कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा.

देवबाग

पहिलीच सहल असेल आणि चार दिवस काढता येत असतील तर इथेच जा. कारण जमिनीचा आकार. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा पाठीशी असतो तेव्हा समुद्राच्या बाजूला फेकायचं. दुपारनंतर खारा वारा तोंडावर यायला लागला की रस्ता ओलांडून पाच-दहा मिनिटांत नदीच्या बाजूला. तिथे तोच वारा पाठीमागून येतो. केळव्याला आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर दुपारचा वारा सुटला की फ्लाय फिशिंग तिथेच संपतं. बिनगाइडच्या माणसाला ही सोय फार मोठी आहे.

पाणीही हिवाळ्यात बरंच स्वच्छ, त्यामुळे पांढरी-पोपटी क्लाउझर मिनो किंवा पांढरी डिसीव्हर (दोन्ही फ्लायचे नमुने), १/० आणि २/० आकाराच्या गळावर, चालून जाते. ओहोटीचं पाणी संगमातून बाहेर पडताना गढूळ आणि निळ्या पाण्याची एक रेघ दिसते. ट्रेवली आणि क्वीनफिश त्या रेघेवर बारीक मासळी अडवतात. रेघेच्या पलीकडे फेका, दहापर्यंत मोजत बुडू द्या, मग लांब आणि भराभर ओढा. क्वीनफिश संथ फ्लायकडे फिरकत नाही.

संगमापाशी किनारा एकदम खोल होतो आणि ओहोटीची ओढ माणसाला घेऊन जाते. घोट्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही, आणि तेही लाइफ जॅकेट घालून. नऊ-दहाच्या सुमारास त्सुनामी आयलंडकडे पर्यटकांच्या बोटी सुरू झाल्या की सामान आवरायचं.

दोन पथ्यं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात गळ टाकू नका. आणि किनाऱ्यावर रापण ओढणं चालू असेल तर जाळ्याच्या दोन्ही दोरांमध्ये फ्लाय टाकणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. लांब उभे राहा, किंवा दोराला हात लावा. ओढून झाल्यावर मासा रोज कुठे येतो हे विचारलंत तर उत्तर मिळेल.

सामान : पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

तिन्ही किनाऱ्यांना ८ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे तो आकडा) एकच ९ फुटी रॉड पुरतो. रॉड मध्यम दर्जाचा घ्या, रील बंद ड्रॅगचं आणि खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं, आणि उरलेले पैसे लाइनवर घाला. लोक नेमकं उलट करतात. गोड्या थंड पाण्यासाठीची लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांमध्ये चिकटते आणि फेक निम्म्यावर येतो. मग दोष रॉडला. उष्ण कटिबंधाची म्हणून विकली जाणारी लाइन मागा. एकच घ्यायची तर समुद्र आणि संगमासाठी इंटरमीडिएट, म्हणजे सेकंदाला दीड-दोन इंच बुडणारी. तरंगती लाइन प्रत्येक लाट उचलून किनाऱ्यावर आणते. फक्त आंजर्ल्याच्या तिवरांत तरंगती बरी. रीलवर लाइनच्या मागे ३० पौंडी बॅकिंग (लाइन संपल्यावर कामी येणारा जादा दोरा), १५० यार्ड.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक होत जाणारा दोरा, विकत घेऊ नका. ४० पौंडी मोनो ५ फूट, ३० पौंडी २ फूट, १६ पौंडी फ्लुरोकार्बन २ फूट. जोड दुहेरी सर्जन गाठीने, थुंकी लावून ओल्या करून आवळलेले. फ्लाय लूप गाठीने बांधा, म्हणजे ती मोकळी हलते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवा. मासा सोडणं सोपं जातं, आणि वाऱ्याने फ्लाय मानेत रुतली तरी निघते.

स्ट्रिपिंग बास्केट मात्र हवीच. हाताने ओढलेली लाइन लाटेत पायाशी पडली की तिच्यात शेवाळ, वाळू आणि तुमची चप्पल सगळं गुंततं. भांडीबाजारातून साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा, वीतभर खोल प्लास्टिकचा टब आणा. तापवलेल्या खिळ्याने तळाला बारा भोकं पाडा, प्रत्येकात केबल टाय खालून वर घालून शेपूट तीन इंच उभं राहू द्या. त्या शेपटांमुळे लाइनची वेटोळी एकमेकांत घसरत नाहीत. शेजारी चार जादा भोकं पाणी निथळायला. स्कूटरवर सामान बांधायचा इलॅस्टिक दोर दोन कडांना अडकवून कमरेला लावा. दोनशे रुपयांत काम होतं.

सरावासाठी कुठलंही मोकळं मैदान चालेल, फ्लायच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधा. वाऱ्याकडे तोंड करून ५० फूट सरळ फेक पडायला लागला की निघा. दुहेरी हॉल, म्हणजे मागच्या आणि पुढच्या फेकात दुसऱ्या हाताने लाइनला दिलेला झटका, शिकल्याशिवाय ते जमत नाही. आणि मासा लागल्यावर रॉड वर उचलायची सवय मोडा. टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात खेचायची. रॉड उचलला की फ्लाय माशाच्या तोंडातून बाहेर.

पाय घासत चाला, म्हणजे वाळूतलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास भाग बुडवा आणि दवाखाना गाठा.

अंदमान आणि लक्षद्वीपचं काय?

अंदमानचा मोठा ट्रेवली सगळ्यांना खुणावतो. पण दोघांचं विमानभाडंच देवबागच्या पूर्ण बेरजेला भारी पडतं, चांगला मासा बोटीशिवाय क्वचित हाती येतो, ८ वेट तिथे तोकडा पडतो आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळे तिवरांच्या कडेने एकट्याने फिरता येत नाही. लक्षद्वीपला प्रवेशपरवाना लागतो, मुक्कामाच्या जागाही मोजक्या, त्यामुळे ऐनवेळी तिथी बघून निघायची सोय नाही. दोन्ही ठिकाणं बोट आणि गाइडसकट पैसे साठवून करायची आहेत.