लायनरच्या वरच्या टोकाची टॉप प्लेट आणि टोपी: एक थंडी, एक पावसाळा वापरून

जुनी विटांची चिमणी, खाली लाकूड जाळायची फायरप्लेस, आत ३१६ ग्रेड स्टेनलेसचा फ्लेक्सिबल लायनर, म्हणजे धूर वर नेणारी लवचिक नळी. लायनर कुठला घ्यायचा यावर लोक तासन्‌तास बोलतात पण वरचं तोंड बंद करायचं काम मिस्त्रीच्या मर्जीवर सोडतात, आणि पाणी घुसतं ते तिथूनच. म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितोय.

टॉप प्लेट, म्हणजे लायनर आणि विटांमधली वरची फट झाकणारा पत्रा, तीपण स्टेनलेसचीच, कडा खाली वळवलेल्या. प्लेटच्या खाली सिलिकॉनचा जाड थर, मध्ये कुठंही न तुटलेला. लायनर प्लेटच्या वर थोडा काढून क्लॅम्पनं आवळलाय म्हणजे त्याचं वजन प्लेटवर येतं, तिथल्या जोडाला हाय टेंपरेचर सिलिकॉन आणि वर टोपी.

मिस्त्री म्हणत होता लायनरभोवती सिमेंट भरून टाकू, मी सरळ नाही म्हटलं. स्टील तापलं की लांबतं, ८ मीटरचा सरळ पाइप २०० अंशांनी तापला तर जवळपास अडीच सेंटीमीटर वाढतो! फ्लेक्सिबलच्या वळ्या त्यातलं बरंच सामावून घेतात तरी टोक थोडंफार हलतंच, सिमेंटला ते झेपत नाही, तडा जातो, तड्यात पाणी, आणि ते गोठलं की तडा अजून मोठा.

थंडीभर रोजच्यासारखा जाळ झाला, मग दणकून पाऊस, आता वर चढून बघितलं तर सिलिकॉनच्या कडेत नख घातलं तरी कुठं सुटलेलं नाही, दाबलं की अजून रबरासारखं दबतं. आत विटांवर ओल नाही. क्लॅम्पचा स्क्रू तेवढा सैल वाटला, आवळला. स्क्रूपण स्टेनलेसचेच घ्या बरं का, नाहीतर गंजाचे ओघळ प्लेटवर येतात.

तक्रार आहे ती टोपीच्या जाळीची. वरचं टोक सगळ्यात थंड, त्यामुळं धुरातलं क्रिओसोट तिथंच बसतं, निम्मी भोकं काळ्या चिकट थरानं बुजलेली. जाळी काढून टाकू नका, ठिणग्या आणि पक्षी तीच अडवते, पण भोकं १० ते १३ मिलिमीटरची असू द्या, त्याहून बारीक नको. खोलीत धूर मागं फिरायला लागला तर आधी जाळी बघा. माझी टोपी काढायला चार स्क्रू खोलावे लागतात, छपरावर उभं राहून ते फार त्रासाचं आहे, आता घेतली असती तर एका क्लिपवर निघणारीच घेतली असती. प्लेट मात्र डोळे झाकून हीच.